खुर्ची जाईल एवढी वाट

नाही ताई, तुमच्यावर नाही ओरडून राहिली ती. टिटवी आहे, आताच गेली ना डोक्यावरून — टिटवीचं काय, ती कुत्र्यावर ओरडते, गाईवर ओरडते, कोणी नसलं तर वाऱ्यावर ओरडते. तुम्ही सारखी मान नका वळवू, त्रास होईन. समोर पाहा. कसा रस्ता झाला पाहा ना — इथं कमरेएवढी घाणेरीची झुडपं होती, आठवते? तुमचा पदर अडकला होता, आपल्या टोळीतल्या मेघानं कात्रीनं कापला, अन् तुम्ही हसून राहिल्या होत्या. आता पाहा खुर्ची कशी जाऊन राहिली, एक धक्का नाही. सारा हिवाळा आम्ही रविवार-रविवार इथंच होतो ताई. आधी गिट्टी टाकली तर चाकं अडकत, मंग ती उकरली, मंग मुरूम आणला, तो चाळला — चाळणीनं, घरी गहू चाळतो तसा — अन् धम्मानंदनं कुठून तरी हातानं ओढायचा रोलर पैदा केला. फॉरेस्टचे साहेब येऊन पाहून गेले. म्हणे शहरातल्या जंगलात असा रस्ता आम्ही नाही पाहिला. मी म्हटलं साहेब, आमच्या सिंधूताईंची खुर्ची जायची आहे यावरून, कसातरी करून कसं चालन?

बाकीचे पुढं गेले, तलावापाशी. रिबीन धरून उभे असतील, तर्री-पोह्याचा डबाही तिकडंच आहे. मीच धाडलं सगळ्याइले. तुमचा ऋषिकेश म्हणत होता, आईले मी नेतो, तर मी म्हटलं, तू मंगळवारी पुण्याले नेऊनच राहिला ना त्याइले, मंग रोज तूच ढकलशीन, आज मले ढकलू दे. बरोबर बोललो ना? अन् एकटाच बडबड करून राहिलो म्हणून रागावू नका — लकव्यानं तुमचं बोलणं नेलं, तवापासून मीच दोघांचं बोलतो. दुकानात बसून बसून सवय आहे मले. गिऱ्हाईक रंगाचा डबा घेऊन निघून गेलं तरी मी बोलतच राहतो, असं आमची मंडळी म्हणते.

तुमच्या घरी आलो होतो दिवाळीत, तवा तुम्ही काय केलं — डावा हात उचलला अन् भिंतीवरच्या त्या फोटोवर बोट ठेवलं. याच तलावाच्या. बाकी कोणाले समजलं नाही, मले समजलं. मी तिथंच म्हटलं, नेतो ताई तुमाले, पाण्यापाशी नेतो. शब्द दिला. म्हणून हा रस्ता, नाहीतर आम्हा लोकाइले काय, आम्ही कसेही जातो काट्याकुट्यातून. तुम्हीच तर शिकवलं चालायले. शाळेतून रिटायर झाल्या अन् आमच्यासारख्या मोठ्या पोट्ट्याइची शाळा काढली रविवारची, इथं जंगलात पाखरं पाहायची. मले कबूतर अन् कावळा सोडून तिसरं पाखरू ठाऊक नव्हतं — अं? हो, अजून ओरडूनच राहिली. सोडा हो तिले. येऊन येऊन इथंच येते, अंडी तिकडं पळसाखाली आहेत, मंग इकडं काहून घिरट्या —

अंडी? हो, म्हणजे — असतील ना. दिवसच आहेत त्याइचे. एवढी ओरडते म्हणजे कुठं तरी अंडी असतीलच, तुम्हीच सांगायच्या.

असं नका पाहू ताई.

पाहा, मी सांगणारच होतो. तलाव पाहून झाला असता, पोहे खाल्ले असते, अन् मंग घरी सोडताना सांगितलं असतं. शुक्रवारी आलो मी पाणी मारायले, धूळ बसावी म्हणून. एकटाच होतो. अन् या शेवटच्या वळणाच्या अलीकडं, रस्त्याच्या ऐन मधोमध — चार अंडी. पाय पडता पडता राहिला. मुरमासारखीच ठिपक्याठिपक्याची, वेगळी कळतच नाहीत. तिले काय माहीत आपण कोणासाठी चाळला तो मुरूम? मोकळं दिसलं, बारीक दगड दिसले, तिले वाटलं आपल्यासाठीच केलं कोणी तरी. तुमाले सांगतो, मी खालीच बसलो. हसू आलं आधी. मंग मंगळवार आठवला. कारण सांगितलं तर काय झालं असतं? साहेबानं दोरी बांधली असती, पिल्लं निघेपर्यंत रस्ता बंद. महिना गेला असता. अन् तुम्ही मंगळवारी चालल्या. पुण्याहून कोण आणते परत इतक्या लांब? ऋषिकेश आणते? तो चांगला आहे, पण नाही आणत. मले ठाऊक आहे, तुमालेही ठाऊक आहे.

अन् तुम्ही काय म्हटलं असतं हेही ठाऊक होतं मले. त्या वर्षी नाही का, जुन्या वाटेवर रातवा पाखराची अंडी निघाली, अन् तुम्ही आख्खी टोळी गेटवरून परत पाठवली होती. सगळे चिडले, मीही चिडलो. म्हणून तर — म्हणून नाही सांगितलं. कोणालेच नाही. काल संध्याकाळी आलो, दुपट्ट्यात घेतली, पळसाखाली नेली. दूर नाही नेली हो, दिसते इथून. हातानं खळगा केला, इथलेच खडे उचलून मांडले तिथं. म्हटलं पाखराले काय फरक पडते, इथं का तिथं? चोरून केलं असं नाही — नाही, चोरूनच केलं.

मंग झाडामागं बसून राहिलो. वाटलं येईन, सापडतील, बसन. ती आली ताई. पण तिकडं नाही गेली. रस्त्यावर आली, जिथं काहीच नव्हतं तिथं आली, अन् पोट टेकवून बसली. रिकाम्या मुरमावर. उठायची, खाली पाहायची, पुन्हा बसायची. अंधार पडेपर्यंत तेच. मले पाहवेना, घरी गेलो, अन् घरी तरी काय, जेवणात मन नाही, मंडळी म्हणे तब्येत बरी नाही का. सकाळी सगळ्याइच्या आधी येऊन पाहिलं, म्हटलं रातून सापडली असतील. नव्हती सापडली. तरी मी तुमाले घ्यायले आलो. तरी रिबीन बांधू दिली. काय म्हणावं अशा माणसाले? एवढी वर्षं तुमच्यामागं फिरून हेच शिकला हा तुमचा भैयाजी.

ब्रेक काहून लावला ताई? हात काढा, बोट चिमटीत येईन. हे वळण घेतलं की तलाव दिसते. काढा ना. काय? पळस... हो, तिथंच आहेत. अन् इथं? इथं रस्त्यावर? नाही, म्हणजे ठेवतो, नाही कुठं म्हणून राहिलो? फक्त आधी तलाव पाहून घ्या. पाच मिनिटं पाण्यापाशी बसा, येताना शप्पथ ठेवतो. नाही? वर काय दाखवता — ऊन. हो. कळते मले. तुम्हीच सांगितलं होतं, आपल्या नागपूरच्या उन्हात टिटवी पाण्यात पोट भिजवून येते अन् अंड्यावर बसते, नाहीतर आतल्या आत शिजतात. पण आता ठेवली तर खुर्ची पुढं कशी नेऊ? दोन्हीकडं घाणेरी आहे, बाजूनं जागा नाही. दुसरा रस्ता नाही ताई. तुमची खुर्ची जाईन असा हा एकच आहे.

बरं. बरं, आणतो. ब्रेक धरून ठेवा.

हे पाहा, चारही आहेत. वरून गरम लागून राहिली. मरू नका रे बाप्पा, एवढं करा. ठेवली ताई. टोकं आतल्या बाजूनं, होती तशीच. दिसते ना तुमाले तिथून? थांबा, हा धम्मानंदचा फोन. धम्मानंद, रिबीन सोड गा. सोड म्हटलं ना. पोहे खाऊन घ्या अन् मागच्या पायवाटेनं निघा, इकडून कोणी येऊ नका. ऋषिकेशलेही सांग. काहून ते मी सांगतो मंग, सगळ्याइले सांगतो.

चला, मागं घेतो खुर्ची. या मोहाच्या झाडाखाली थांबू. इथून तलाव नाही दिसत ताई. मान उंच केली तर थोडंसं चमकल्यासारखं दिसते, ते पाणीच आहे. मले माफ — नका, मान नका हलवू, तलाव राहिला त्यासाठी नाही माफी मागून राहिलो मी. मी शब्द दिला होता ना, म्हणून मले वाटलं... उतरली. खाली उतरली ती. पाहून राहिली. येईन का वं ताई? बसन का? एवढा उशीर झाला, तिले अजून आपली वाटतील का ती —

काय? तोंडावर बोट? मी चूप बसू?

हो. बसतो.