देवयानीवरचा डाग

हॅलो? … हॅलो, हो, सोलापूर… हो हो, शाळेचाच नंबर. मीच बोलतेय, शकुंतला… पुण्याहून? द्या ना, द्या.

कोण, रुक्मे! अगं, केवढी दचकले मी. आमचा निंगप्पा शिपाई "बाई, ट्रंककॉल, ट्रंककॉल" करत थेट वर्गात शिरला. पोरी सगळ्या उभ्याच राहिल्या… आईचं काही नाही ना? … देवाशप्पथ? … बरं. मग हळू बोल, मोठ्या बाई इथंच बसल्यात. त्यांच्याच खोलीत फोन आहे.

फोटो पोचला ना? … आणि चटणी? … डबा गळला? जाऊ दे गं, शेंगाचटणी म्हटल्यावर तेल सुटणारच. तूच मागं लागली होतीस की, "अक्का, फोटोबरोबर चटणी पण पाठव"…

ते राहू दे. फोटोत फिल्मचे दाणे, ते बारीक ठिपके, दिसतात का सांग. … नीट बघितलंस? … नाही ना! अगं, अख्खा हिवाळा घातलाय मी त्यात. ह्यांच्या स्कूटरवर मागं दुर्बीण मांडीत घेऊन मंद्रूपला, रंभाबाईंच्या शेतात. त्या बिचाऱ्या विचारायच्या, "बाई, तितं वर काय हरवलंय तुमचं?"

दाणे कसे घालवले? अगं ऐक ना, सोप्पं आहे. रात्री आकाशात उजेड कमी, म्हणून फिल्म तेज घ्यायची. आणि तेज फिल्मला दाणे लई. पण दाणे प्रत्येक निगेटिव्हमध्ये निराळ्या जागी पडतात, तारे मात्र जागचे हलत नाहीत. मग सगळ्या निगेटिव्ह एकाच कागदावर एकामागून एक छापायच्या, थोडा थोडा उजेड देऊन. तारे एकावर एक बसतात, दाणे एकमेकांत विरून जातात… नाही कळलं? माझ्या वर्गात पोरी बडबडतात ना, जिचं तिचं वेगळं, नुसता गलका. पण सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटली की… हां! शहाणी गं माझी.

गेल्या वर्षी पुण्याच्या प्रदर्शनातले परीक्षक काय म्हणाले होते, आहे ना लक्षात? "बाई, ही आकाशगंगा आहे का सोलापूरची शेंगाचटणी?" सगळे फिदीफिदी हसले. मी पण हसले. घरी येऊन रडले मात्र. म्हणून यंदा… तू आज नेऊन देतेयस ना गं प्रदर्शनात? आज शेवटचा दिवस. आणि हा एवढा एकच साधलाय मला…

नेतेयस ना? … मग "पण" काय?

डाग? कसला डाग? … मधोमध? … पांढुरका… लांबट… अगं, तो… थांब, तुला काय वाटलं? … चटणीचं तेल!

मग काय केलंस? … रुक्मे, गिळू नको शब्द, काय केलंस? … स्टुडिओत नेलास? … लग्नाचे फोटो टच करून देतात, तिथं? … आणि त्यानं डाग घालवला. … "अगदी काळंभोर करून दिलं."

अगं बये! तो डागच तर फोटो होता!

तीच ती! देवयानी! आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी, लाखो वर्षांपूर्वी निघालेला उजेड तिचा… आणि तू… नाही, ओरडत नाहीये मी… हो, ओरडतेय! ओरडू नको तर काय आरती करू? … माफ करा हं मोठ्या बाई, घरचाच फोन आहे. निंगप्पा, दार लोटून घ्या जरा.

मग चांदण्या तरी कशाला ठेवल्या त्यानं? … काय? त्याही काढणार होता, तू नको म्हणालीस? वा! उपकार झाले.

रडू नको. … रुक्मे, आता तू रडू नको… कुणाला हसतील? … मला? … अक्काला परत हसतील म्हणून पळालीस स्टुडिओत? … वेडी कुठली. आता माझ्याही डोळ्यांत पाणी आणलंस बघ. अगं, फोटो गेला तर गेला…

थांब. थांब थांब थांब. तो टचिंगवाला, रंग लावताना ब्रश जिभेला लावत होता का? … अगं आठव की! तोंडात घालून टोक काढत होता? … नक्की? ओठ काळे झालेले? … रुक्मे, तुझ्या तोंडात साखर पडो!

अगं, म्हणजे पाण्याचा रंग आहे तो! शेजारच्या काकूंकडूनच बोलतेयस ना? त्यांची परात माग. गार पाणी ओत आणि फोटो बुडव… काही होत नाही गं, फोटोचा जन्मच पाण्यात होतो. साबण नको! चोळायचं नाही! ओल्या कापसानं, हलक्या हातानं, बाळाचे डोळे पुसतो तसं. फोन ठेवू नको, मी धरते. पळ!

… अहो ऑपरेटर, तोडू नका! आणखी तीन मिनिटं द्या… नाही, बोलत नाही आहोत, पण आमचा फोटो परातीत आहे… अहो दादा, तुम्हाला बहीण असेल ना? … मग धरा जरा.

मोठ्या बाई, तुम्ही का उभ्या राहिलात? … काही नाही, पुण्यात देवयानीला अंघोळ चाललीय.

हॅलो! हां, बोल! … पाणी काळं होतंय? होऊ दे! … मग? … अगं सांग की! … आधी मधला ठिपका… मग बाजूचं धुकं… तिरकं ना? … हो… हो… तोच! तोच तो! मोठ्या बाई, डाग आला! निंगप्पा, आला डाग!

आता निथळू दे. मग टीपकागदात ठेव, पंख्याखाली. इस्त्री फिरवशील, खबरदार! वाळला की तडक नेऊन दे…

काय? … आणखी एक? … खाली, पांढऱ्या कडेवर? … पिवळट… पाण्यानं जात नाही? … वास घे बघू.

लसूण?

आई गं… पोट दुखायला लागलं हसून… नाही, नाही, स्टुडिओत नको! हात पण लावू नको त्याला. असू दे तसाच. सोलापूरहून आलाय, कळू दे की त्यांना… रुक्मे? … हॅलो? … हॅलो?