हात केला तरी

नवी सिटी बस थांब्यावरून सुटली, तेव्हा स्नेहल दहा पावलं मागे राहिली. पुढे पानटपरीपाशी एका म्हाताऱ्यानं हात केला, तरी बस थांबली नाही. म्हातारा मग थांब्याकडे चालत आला. बाकावरच्या बाईंनी त्याला ओळखलं.

"चुडामण आबा, असोद्याहून आले अन् इथं गाडी चुकली?"

"चुकली नही, बेबाबाई. हात केला, पन थांबली नही."

"डायवरनं पाह्यलं नसनार."

"चांगलं पाह्यलं! हॉर्न बी वाजवला. माही सूनच व्हती, मयुरी."

"अरे देवा! सासऱ्याले रस्त्यावर सोडून गेली?"

"बसचा थांबा इथं, अन् मी उभा टपरीपाशी. मंग कशी थांबनार?"

"काळी-पिवळी त हात पाहून थांबते."

"म्हनून त ती कधी वेळेवर पोचत नही. मयुरीची गाडी नऊ वीसची, म्हंजे नऊ वीसची."

"तरी बी, घरचं मानूस…"

"गावात लोक हेच बोलत व्हते! चुडामणची सून बस चालवते, आता बस त्याच्या ओट्यापाशी थांबनार, म्हने."

"मंग घरी गेल्यावर तिले काही बोलनार नही?"

"बोलनार ना. उद्या बी अशीच जाय, म्हननार."

धापा टाकत स्नेहल मोबाइलवर तक्रारीचा नंबर शोधत होती. आबा तिच्याकडे वळले.

"पोरी, तू पाह्यलं ना? मले पाहून बी ती थांबली नही?"

"पाहिलं, आबा."

"मंग एकदा असोद्याले ये वो. मी एकट्यानं सांगितलं त गावात कोनी खरं मानत नही."