अंबादासची रविवारची शिकवणी

(जबलपूर, कांचघर. सप्टेंबर १९६५, लढाईचे दिवस. रविवारची सकाळ. तोफांच्या कारखान्यातला फिटर अंबादास आणि त्याची बारा वर्षांची मुलगी शकु ओसरीवर बसली आहेत. आई सरोजिनी स्वयंपाकघरात.)

अंबादास: वा! छान म्हटलीस. आता सांग, ही बंदिश बांधली कोणी?

शकु: आई! जरा बाहेर ये ना.

अंबादास: आत आईकडे काहून पाहतेस? बांधणाऱ्याचं नाव बहुतेक शेवटच्या ओळीत असते, किती वेळा सांगितलं. तिथे शोध.

सरोजिनी: काय झालं? पोळ्या टाकून राहिले मी.

शकु: आई, मी गायलेच नाही. नुसते ओठ हलवले. आणि बाबा म्हणाले, छान.

सरोजिनी: हा काय चावटपणा? बापाची परीक्षा घेतेस?

शकु: मागच्या रविवारी सूर चुकला माझा. सच्ची, चुकूनच. बाबा काहीच बोलले नाहीत. आधी कसं, जरा इकडेतिकडे झालं की लगेच थांबवायचे. म्हणून आज पाहिलं.

सरोजिनी: अहो... अहो! ऐकू येऊन राहिलं का तुम्हाला?

अंबादास: हां, चहा चालेल. अर्धा कप.

सरोजिनी: अगं बाई! अहो, कधीपासून हे असं? कधीपासून?

अंबादास: ओरडू नको! पलीकडे भय्यासाहेब आहेत. आमचे सुपरवायझर. त्यांच्या कानावर जायला नको.

शकु: मी पाटी आणते. लिहूनच विचारू... हे बघा बाबा. 'कधीपासून?'

अंबादास: डावा कान आषाढापासून. उजवा आत्ता, लढाई लागल्यावर. पहिले दिवसाला चार-पाच तोफा उडवून पाहायचो. आता सकाळपासून सुरूच. कापूस घालतो, पण कापसाने काय होते?

सरोजिनी: लिही, 'डॉक्टरला दाखवलं?'

अंबादास: दाखवलं की तोफेवरून काढतील अन् स्टोअरमध्ये बसवतील. तिकडे लोकांची पोरं सीमेवर मरून राहिली आहेत, आणि मी खुर्चीत बसून नट-बोल्ट वाटू?

सरोजिनी: तोफ उडायच्या आधी शिट्टी होते ना? शिट्टी झाली की सगळे भिंतीमागे, तुम्हीच सांगितलं होतं. शकु, लिही. 'शिट्टी ऐकू येते?'

शकु: लिहिलं... बाबा? वाचलं ना?

अंबादास: वाचलं.

सरोजिनी: मग बोला की.

अंबादास: माझ्या बाजूला काम करतो त्या मुरलीधरच्या पायांकडे लक्ष ठेवतो. तो निघाला की मी निघतो.

सरोजिनी: आणि मुरलीधर नसला तर?

शकु: हे पण लिहू?

सरोजिनी: लिही.

अंबादास: गुरुवारी नव्हता. पाणी प्यायला गेला होता. मी वाकून नट कसत होतो. बाकीच्यांनी हाका मारल्या म्हणे, हात हलवले. शेवटी शैलेंद्र भिंतीमागून धावत आला आणि कॉलर धरून ओढलं मला. दोन लेकरांचा बाप आहे तो.

शकु: आई, तू रडू नको.

सरोजिनी: रडत नाही. दे ती पाटी इकडे. हे वाचा. 'उद्या तुम्ही डॉक्टरकडे जा. नाही तर मी आत्ता भय्यासाहेबांकडे जाते.'

अंबादास: सरोज, माझं ऐकून घे. गळा मला देवाने दिलाच नाही. सराफ्यात एका सोनाराकडे बैठका व्हायच्या, पोरपणी जिन्यात बसून ऐकलं, तेवढंच माझ्यापाशी आहे. कोण गाते, कोणाचं गाते, कोणी बांधलं. उद्या कागदावर बहिरा लिहिलं, की परवा या पोरीपुढे कोणत्या तोंडाने बसू? हे सदारंगांचं, हे अदारंगांचं, हे मी कशावरून सांगू?

शकु: आई, मला दे पाटी. थांब, मला पुसू दे... बाबा, 'सदारंग स्वतः ख्याल गायचे?'

अंबादास: हे मधेच काय?

शकु: सांगा ना. बाबा, इकडे बघा. 'सांगा ना.'

अंबादास: नाही. बांधले पुष्कळ. पण स्वतः बीन, म्हणजे रुद्रवीणा, वाजवायचे. ख्याल शिष्यांना शिकवले, त्यांच्याकडून गाऊन घेतले. जुने लोक असंच सांगतात.

शकु: 'मग तुमचं काय अडलं? तुमच्या डोक्यात आहे ते सांगा, मी गाईन.'

अंबादास: ...पोळी करपून राहिली तुझ्या आईची. नाक शाबूत आहे अजून.

सरोजिनी: करपू द्या. उद्या जाणार की नाही?

अंबादास: काय म्हणाली ते समजलं मला. जाईन.

* * *

शकु: बाबा, 'आठवडा झाला. स्टोअर कसं आहे?'

अंबादास: शांत आहे म्हणतात. मला काय कळते! डॉक्टरांनी लिहिलं, डावा गेला, उजवा थोडा शिल्लक. भय्यासाहेब चार दिवस बोलले नाहीत. मग काल आले आणि चिठ्ठी पुढे केली. 'आधी सांगायला पाहिजे होतं.' बरोबर आहे त्यांचं. शैलेंद्रलाही तेच म्हणालो मी. गुरुवारी लढाई थांबली, पण तोफांचं काम काही थांबलं नाही. स्टोअरच्या फरशीतून कळते पायाला.

शकु: 'गाऊ का? तोडीतली बंदिश?'

अंबादास: गा. पूर्ण गा... झालं? सरोज! ये इकडे, बस. कशी म्हटली पोरीने?

सरोजिनी: मला काय कळते त्यातलं? शकु, लिही, 'मला वरण पाहायचं आहे.'

अंबादास: वरण राहू दे. सहा वर्षं दर रविवारी आतून ऐकून राहिलीस तू. ही गायला लागली की तुझी विळी थांबायची. ते यायचं मला ऐकू.

सरोजिनी: काहीतरीच तुमचं.

शकु: आई, खरंच?

सरोजिनी: गप्प बस. पाटी दे... 'अंतरा घाईत घेतला. समेवर लवकर आली.'

शकु: आई! तुला सम कळते?

अंबादास: लवकर? किती लवकर?

सरोजिनी: 'अर्धी मात्रा.'

अंबादास: अर्धी... मग तिला पुन्हा म्हणायला सांग. तूच सांग.