विडी ओढणारा साप

गुप्त तुकडी! – नाही, नाही, हसत नाहीये मी, खोकला आहे हा – गुप्त तुकडी, अगदी बरोबर ओळखलंत, साहेब. इतकी गुप्त की सैन्यालासुद्धा पत्ता नव्हता तिचा! बसा ना, उभे का? ती लोकरीची गुंडाळी बाजूला सारा आणि बसा त्या स्टुलावर. दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत माझा वेळ तुमचाच आहे, आणि गिऱ्हाईक काही येत नाही, आजकाल बटण तुटलं की लोक शर्टच टाकून देतात. हं, तर कबरस्तानातल्या राखणदारानं पाठवलं तुम्हाला. "दोना झुलैदेला विचारा, बटणांच्या दुकानात," असंच म्हणाला असणार, आणि वर दात काढले असणार. थडग्यावरच्या, चिनीमातीवर छापलेल्या फोटोचा फोटो काढलात, घरी नेऊन मोठा करून पाहिलात, भिंगाखाली धरलात – आणि झोप उडाली. कारण सगळ्या जगात आमच्या सैनिकांच्या दंडावरच्या बिल्ल्यातला साप पाइप ओढतो, आणि हा एकटा विडी ओढतोय! मक्याच्या सालीची विडी! आणि 'ब्राझील'मधलं एक अक्षर उलटं! काय म्हणालात त्याला – सांकेतिक खूण? वा. साहेब, माझी आई दुसरीपर्यंत शिकली होती. ते अक्षर ती मरेपर्यंत उलटंच काढायची, मिठाच्या डब्यावरसुद्धा. आता मिठाच्या डब्याचीही गुप्त तुकडी होती असं लिहा तुमच्या त्या सैनिकी बिल्ल्यांच्या पुस्तकात.

हो, आईनं भरलेला बिल्ला तो. आणि थडग्यात झोपलेत ते माझे बाबा, ओरोझिंबो, आणि तुम्हाला कुठल्याच यादीत त्यांचं नाव सापडलं नाही ते काही यादीवाल्यांची चूक म्हणून नाही, बाबा महायुद्धावर गेलेच नव्हते. का? दातांमुळे. खरंच सांगते. त्यांना भरतीसाठी साओ जोआव गावी तपासायला नेलं, डॉक्टरनं तोंड उघडायला सांगितलं, आत पाहिलं आणि म्हणाला, "घरी जा." युद्ध काय चावून करायचं असतं? – पण गेले घरी. आणि देओदातो, माझे काका, बाबांहून एका वर्षानं मोठे, त्यांचे दात मोत्यांसारखे, म्हणून ते गेले. लोक आधी चेष्टा करायचे ना, की आपलं सैन्य परदेशी लढायला जाईल त्या दिवशी साप पाइप ओढायला लागेल – तर लागला, आणि सैन्यानं तोच साप बिल्ल्यावर घेतला. तुम्हाला माहीत आहे हे सगळं, तुमची तर आख्खी वही भरलीय सापांनी. काका इटलीत उतरले, बर्फ पाहिलं, आणि थंडीतच कुठल्याशा डोंगरावर चढताना गेले. चांगल्या दातांसकट.

तार आली तेव्हा आजीनं – सेझारिया तिचं नाव, बाबांची आई – संत अंतोनीचा पुतळा आधीच विहिरीत उलटा टांगला होता. मुलाला परत आण, तोपर्यंत डोकं खाली. तार वाचल्यावर तिनं त्याला वर काढलं, पुसलं आणि तोंड भिंतीकडे करून ठेवलं. आणि बोलणं बंद. म्हणजे मुकी नाही झाली हो, कोंबड्यांशी बोलायची. माणसांशी नाही. तिचं म्हणणं एकच – प्रेत नाही, कबर नाही, फोटोसुद्धा नाही, मी रडू कुणाकडे बघून? आणि फोटो खरंच नव्हता. विटांच्या भट्टीवर काम करणाऱ्यांच्या घरात फोटो कुठून असणार? लोकांना वाटतं, जुन्या काळी सगळेच मिशा पिळून फोटो काढत बसायचे.

मग कल्पना निघाली. कुणाची? आईची. माझी आई एर्मेलिंदा – आता नीट ऐका, नाहीतर पुस्तकात उलटंसुलटं लिहाल – माझी आई तेव्हा देओदातोची वाग्दत्त होती. काकांची. चादरींवर अक्षरं भरून झाली होती तिची, 'ए' आणि 'दे' एकात एक गुंफलेली. तिलाही चेहरा हवा होता ना समोर ठेवायला! तर गावात फिरता फोटोवाला आला होता, भुतासारखा एका खोलीत उतरायचा आणि दोन दिवसांत पसार व्हायचा, आणि आई बाबांना म्हणाली, "तू अगदी त्याच्यासारखा दिसतोस. सैनिकाचा कोट घालून उभा राहा. म्हातारीला कळणार नाही." आणि बाबा हो म्हणाले. तुम्ही म्हणाला असतात? जाऊ दे.

कोट जोव्हेलिनोचा, काकांबरोबर गावातून युद्धावर गेलेला तो. तो परत आला होता, धडधाकट, फक्त पायाची बोटं थोडी कमी झाली होती गारठ्यानं. त्यानं कोट दिला, पण आधी चाकू घेऊन दंडावरचा बिल्ला उसवला आणि खिशात टाकला. म्हणाला, "कोट ने. साप नाही. साप जे गेले त्यांचा." बाबांच्या तोंडावर म्हणाला हे. दातांवरून घरी पाठवलेल्या माणसाच्या. कोट काखेत मारला आणि आले. आईनं विचारलं, "साप कुठाय?" तर म्हणाले, "आला नाही."

म्हणून आईनं साप भरला. हिरवा, पिवळा, थोडा लाल, सगळे धागे चादरींतून उरलेले. पाइप असतो हे तिला चांगलं ठाऊक होतं, साहेब, गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विडी तिनं मुद्दाम भरली. काका मक्याच्या सालीची विडी ओढायचे, कानामागे एक खोचलेली असायची कायम, म्हणून. तुमचे ते मित्र, परगावचे संग्राहक, ज्यांनी लिहिलं म्हणता की हा 'प्रादेशिक प्रकार' आहे – त्यांना सांगा, प्रकार एकच होता आणि तो एका मुलीच्या मांडीवर दुपारभरात तयार झाला. पण ती 'शिलाई घाईची आणि ताजी दिसते' हे तुम्ही ओळखलंत, ते मात्र मानलं. घाईचीच होती. फोटोवाला ओरडत होता, ऊन गेलं, ऊन गेलं! बाबांनी कोट घातलेला, बाह्या मनगटाच्या वर आलेल्या, तेही तुम्ही पाहिलंत म्हणा, आणि आता काढून पुन्हा घालायला वेळ कुठला? तिनं अंगावरच शिवला बिल्ला. उभ्या माणसाच्या दंडावर. दोनदा सुई मांसात गेली. बाबा हलले नाहीत. शेवटी कात्री सापडेना म्हणून तिनं दातांनी दोरा तोडला, बाजूला झाली, आणि फोटोवाला म्हणाला, "तोंड मिटून." तेवढं एक बरं झालं, तोंड मिटायची सवय होतीच त्यांना.

आजीनं फोटो घेतला. खिडकीशी नेला. उजेडात धरला. मग फोटोकडे बघून म्हणाली, "किती वाळलास रे, देओदातो," आणि वळून बाबांना म्हणाली, "दार लावून घे, ओरोझिंबो, कोंबड्या आत येताहेत." बस. बोलायला लागली! सगळे खूश. आईनं हातावर हात मारला, फसली म्हातारी. फसली? साहेब, कुठलीही आई आपल्या पोराला ओळखत नाही होय? आजीनं फोटो जेवायच्या टेबलाच्या वर भिंतीला टांगला, खाली काकांचं नाव, आणि रोज संध्याकाळी त्याच्यापुढे मेणबत्ती लावायची. रोज. फक्त बाबांच्या वाढदिवसाला नाही. मी लहानपणी विचारलं, "आजी, आज मेणबत्ती नाही लावली?" तर म्हणाली, "आज नको. जिवंत माणसापुढे लावत नाहीत." मला वाटलं, म्हातारी चळली. मला बापडीला काय कळतंय!

हं, तर मग आईनं बाबांशी लग्न केलं. दुसरं काय करणार? चादरी तयार होत्या, अक्षरं तेवढी उसवली. आणि गावानं काय गप्प बसावं? 'बदली कामगार' म्हणायचे बाबांना भट्टीवर. "काय रे, बदलीवर आलेला कायम झाला का?" बाबा हसायचे. तोंड मिटून. आयुष्यभर ते स्वतःच्याच फोटोखाली बसून जेवले, साहेब, स्वतःच्याच तोंडापुढे मेणबत्ती जळत असताना. घास घ्यायचे, वर बघायचे आणि आम्हाला सांगायचे, "वर आहे तो शूर, खाली आहे तो भुकेला. घे गं आणखी घेवडा." आम्ही पोरं खिदळायचो. आई नाही हसायची. उठून भांडी घासायला जायची. मला वाटायचं – आम्हा सगळ्यांनाच वाटायचं – की तिला काका आठवतात. बाबांनाही तेच वाटायचं. मी एकदा त्यांना पाहिलं, घरात कुणी नव्हतं, फोटोपुढे उभे होते आणि हळू आवाजात म्हणत होते, "तुझं काही घेतलं नाही रे मी. सांभाळतोय फक्त." – कॉफी घेणार? नको? गार झाली तरी चांगली लागते ही. मी घेते.

मग बाबा गेले. भट्टीच्या धुळीनं छाती भरली होती, झटपट गेले. थडग्यावर लावायला फोटो हवा, तर मी ओळखपत्रावरचा काढला, म्हातारपणचा, डोळे मिटल्यासारखे. आई म्हणाली, "हा नको. टेबलावरचा लाव." मी म्हटलं, "आई, काय बोलतेस! तो काकांचा म्हणून टांगलाय ना?" तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काका? काका कुठाय त्यात? त्यात ओरोझिंबो आहे." आणि मग स्वयंपाकघरात, बाहेर माणसं जमलेली, कुणी रडतंय, कुणी कॉफी मागतंय, आणि ही बाई पीठ मळता मळता मला सांगते – "त्या दिवशी मी दातांनी दोरा तोडला, मान वर केली, ह्यांच्या गळ्याची शीर उडत होती. मी देओदातोचा चेहरा आठवायला गेले, आठवेना. त्यानंतर कधीच नाही आठवला. वर बघून मी ह्यांनाच बघत होते, एवढी वर्षं." मी म्हटलं, "हे बाबांना सांगितलंस?" तर म्हणते, "त्यांनी विचारलं नाही कधी." विचारलं नाही! साहेब, ह्या बाईनं शेजारणीला कुंपणावरून सगळ्या गावाची लफडी सांगितली, पाद्र्याला त्याच्या प्रवचनातल्या चुका सांगितल्या, आणि घरातल्या माणसाला एक वाक्य सांगायला तिला तोंड नव्हतं! मी काय केलं म्हणता? पीठ मळलं. तिच्या हाताखालून ओढून घेतलं आणि मळत बसले.

लावला मग तोच फोटो. आणि आठवडा झाला नाही तर आले माजी सैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष, टाय लावून. "जो लढला नाही त्याच्या अंगावर गणवेश? शहिदांचा अपमान! काढा तो फोटो." हे अध्यक्ष स्वतः युद्धभर नेपल्समध्ये कोठारात साबण मोजत होते, पण असो, साबणही लागतोच सैन्याला. आई काठी घेऊन थडग्यापुढे उभी. मी मध्ये. तेवढ्यात आला जोव्हेलिनो, लंगडत, म्हातारा झालेला, डोक्यावर ती चपटी टोपी. मला वाटलं, झालं, आता हाच छिन्नी घेणार. तो वाकला, फोटो जवळून पाहिला, आमच्या सापावरून अंगठा फिरवला आणि अध्यक्षांना म्हणाला, "कोट माझा आहे. मी दिलाय. परत मागितला तर तुम्हाला कळवीन." आणि मग आईकडे वळून, टोपी काढून – "एर्मेलिंदा, त्या दिवशी तुझ्या नवऱ्याला मी साप द्यायला हवा होता. आम्ही बर्फात उभे होतो तसा, कुणी हलायचं नाही अशा जागी तोही जन्मभर उभाच होता की." आई म्हणाली, "बरं झालं नाही दिलात." एवढंच. अध्यक्षांनी टाय सैल केला आणि गेले. आईलाही नंतर तिथेच ठेवलं, त्याच फोटोखाली. तिचा फोटो नाही लावला. नको म्हणाली होती.

काय? – नाही, अस्सल फोटो मी देणार नाही, बघायलाही नाही. आणि पुस्तकात काय लिहायचं ते मला काय विचारता? 'अज्ञात तुकडी' लिहा, 'प्रादेशिक प्रकार' लिहा, लोकांना तेच आवडतं. नाव मात्र ओरोझिंबो लिहा. 'देओदातो' लिहिलंत तर मी बसनं येईन तिकडे, सांगून ठेवते.

काय म्हणालात? – "कदाचित तुमच्या बाबांना माहीत असेल."

तुम्ही फार चांगले आहात हो. भिंग घेऊन फिरणारी माणसं अशीच असतात, जिथे काही नाही तिथेही त्यांना दिसतं. तुम्ही त्यांना त्या टेबलावर बसलेलं पाहिलंत? ताटात बघून हसताना? मी पाहिलंय, साहेब. रोज. त्यांना माहीत नव्हतं. शेवटच्या रात्री आई त्यांचे पाय चोळत होती तर म्हणाले, "पुरे आता, एर्मेलिंदा, खूप केलंस तू त्याच्यासाठी." त्याच्यासाठी! आणि ही बाई – ही बाई चोळत राहिली. एक अक्षर नाही. उलटं नाही, सुलटं नाही.

बटणं हवी होती काही? दोरा, इलॅस्टिक? नको ना. मग उठा. जेवायची वेळ झाली, मी दुकान बंद करतेय. – नाही, डोळ्यांना काही नाही झालेलं. जा तुम्ही. दार ओढून घ्या.