पडद्यावरचे देवपुजारी सर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय डॉ. रत्नाकर चिंचाळकर साहेब, जिच्यासाठी आपण सगळे इथे जमलो ती माझी वर्गमैत्रीण आणि आपल्या सर्वांच्या डॉ. दीक्षा रामटेके मॅडम, मंडळाच्या सचिव ज्योतीताई, समोर बसलेले डॉक्टर मित्र, मॅडमचे पेशंट, आणि मागे दारापाशी उभे राहून जेवणाच्या वासाकडे लक्ष ठेवणारे माझे स्नेही, तुम्हा सर्वांना या विनयचा नमस्कार.

अध्यक्षांनी मघाशीच माझ्या कानात सांगितलंय, "डॉक्टर, थोडक्यात." साहेब, प्रयत्न करतो.

माझा दवाखाना इथेच, जबलपूरच्या सदरमध्ये, मॅडमच्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. त्यांचा पेशंट माझ्याकडे आला की आधी त्यांची तक्रार करतो, माझा त्यांच्याकडे गेला की माझी. त्या आता दवाखाना बंद करून नागपूरला मुलीकडे चालल्या आहेत. त्यांचा सेवाभाव, त्यांची माया, हे सगळं आधीच्या वक्त्यांनी फार सुंदर सांगितलं. मी फक्त एक गुण सांगणार आहे. तो मानपत्रात लिहिता आला नसता. मॅडम संशयी आहेत.

हसू नका. मघाशी मी गुच्छ दिला तेव्हा यांनी काय विचारलं ठाऊक आहे? "विनय, काहून एवढा मोठा गुच्छ? कोणत्या कंपनीचा?"

पण या संशयाने काय केलं ते सांगतो. ज्यांना अर्धंच माहीत आहे, त्यांनी आज पूर्ण ऐकावं.

आम्हा डॉक्टरांना शिकत राहावं लागतं. नवी औषधं, नवे आजार. पूर्वी त्यासाठी परिषदेला जावं लागे, दवाखाना बंद ठेवून. आता फोनवर रविवारी सकाळी तज्ज्ञ बोलतात, आपण ऐकतो, शेवटी सर्टिफिकेट येतं आणि नोंदणी टिकवायला लागणारे क्रेडिट पॉइंट जमा होतात. सोय आहे, मी नाकारत नाही. इथून जवळच्या पाटणसारख्या छोट्या गावातल्या डॉक्टरने रविवारी नागपूर गाठायचं कसं? पण ऐकणाऱ्यांचे कॅमेरे बंद असतात. कोण ऐकून राहिलं, कोण झोपलं, देवच जाणे. मी स्वतः थंडीत मटार सोलत ऐकायचो. आपल्या जबलपूरच्या मटाराला कोण नाही म्हणणार?

गेल्या हिवाळ्यात अशाच एका ॲपवर आमचे नीलकंठ देवपुजारी सर दिसले. तरुण मंडळींसाठी सांगतो, मेडिकल कॉलेजात सरांनी आम्हाला मेडिसिन शिकवलं. राउंडवर पेशंटविषयी काहीही सांगा, सर मान तिरकी करून एवढंच विचारायचे, "युरीन पाहिली?" पाहिली नसेल तर पुढे बोलायची सोय नाही. सगळ्या वॉर्डातून दीक्षाचा आवाज यायचा, "पाहिली सर."

तर सर पडद्यावर आले. तोच चेहरा, तोच आवाज. गुडघेदुखीवरच्या एका नव्या गोळीबद्दल बोलले. म्हाताऱ्या पेशंटना ती महिनोन्महिने द्यायला हरकत नाही, वारंवार तपासण्यांची गरज नाही, असं म्हणाले. मी सर्टिफिकेट डाउनलोड केलं आणि मटाराकडे वळलो. तेवढ्यात मॅडमचा फोन.

"विनय, हे सर नाहीत."

"अगं, चेहरा सरांचा, आवाज सरांचा."

"चेहरा आहे, आवाज आहे. पण दुखण्याची गोळी महिनोन्महिने द्या म्हणाले आणि युरीनचं नावही नाही घेतलं? किडनीचं नाही विचारलं?"

मी म्हटलं, वय झालं असेल. त्या म्हणाल्या, "वयाने माणूस नावं विसरेल. सवय नाही विसरणार."

पुढच्या रविवारी सर पुन्हा आले. प्रश्न लिहून पाठवायची सोय होती. मॅडमनी लिहिलं, "सर, कुंदाताई कशा आहेत?" मी हादरलो. कुंदाताई म्हणजे सरांच्या पत्नी. त्या वारल्या तेव्हा ग्वारीघाटावर अंत्यसंस्काराला आम्ही दोघेही होतो. आणि पडद्यावर उत्तर आलं, "सर कह रहे हैं, मैडम बिल्कुल ठीक हैं. पूछने के लिए धन्यवाद."

मित्रहो, माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. हे उत्तर कोणी दिलं? सरांनी? की सरांच्या मागे बसलेल्या कोणी? आणि मागे कोणीतरी बसलंय, तर मग पुढे कोण आहे?

सरांचा जुना नंबर बंद होता. मी म्हटलं, ॲपवाल्यांना विचारू. मॅडम म्हणाल्या, "त्यांनाच विचारू का, तुम्ही खोटे आहात का म्हणून?"

त्याच आठवड्यात त्यांच्या दवाखान्यात मोतीराम गजभिये आले. फॅक्टरीतून रिटायर झालेले हे काका आज इथे लताबाईंबरोबर पहिल्या रांगेत बसले आहेत. ते एरवी आपल्या डॉ. अतुलकडे जायचे. अतुल त्या दिवशी लग्नाला गेला होता, म्हणून ते मॅडमकडे आले.

"मॅडम, गुडघा तर हलका झाला," काका म्हणाले, "पण पायात चप्पल जाऊन नाही राहिली."

पाय सुजलेले. लघवी कमी झालेली. मॅडमनी विचारलं, कोणती गोळी घेता? काकांनी खिशातून पाकीट काढलं. तीच गोळी. लताबाई म्हणाल्या, "चांगली गोळी आहे जी. डॉक्टरसाहेब म्हणाले, मोठ्या सरांनी सांगितली." संध्याकाळी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन फार वाढलेलं, म्हणजे किडनी थकलेली. काकांना भरती केलं.

लग्नाहून आलेला अतुल धावत दवाखान्यात आला. मॅडमनी विचारलं, "काहून दिली एवढे दिवस?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "दीदी, दोन महिन्यांपूर्वीच त्या ॲपवर देवपुजारी सरांनी सांगितलं ना. दुसरं कोणी असतं तर मी नसती दिली." हे मी अतुलच्या परवानगीने सांगतोय. आणि तो खरं बोलला. आपण औषधावर विश्वास ठेवत नाही, माणसावर ठेवतो. ज्याने कोणी हे केलं, त्याला हे नेमकं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि मी नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून सरांच्या घरी गेलो. सर मुलाकडे राहतात हे ऐकून होतो, कधी गेलो नव्हतो. मुलाने, अंबरीशने दार उघडलं. आत खिडकीपाशी सर खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. तोंडाचा कोपरा ओघळलेला. त्यांना पॅरालिसिस होऊन वर्ष उलटलं होतं. वाचा गेली होती.

"अंबरीश, आम्हाला कळवलं नाहीस?" मी विचारलं.

"काका, कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला. हॉलमधल्या सरांच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य घरी न्यावं.

मग व्हिडिओचा विषय निघाला. अंबरीशने पाहिलाच नव्हता. तो म्हणाला, एक गृहस्थ आले होते, फार अदबीने बोलले. सरांचं ज्ञान नव्या पिढीसाठी जपायचंय, जुन्या लेक्चरची रेकॉर्डिंग द्या म्हणाले. याने दिली. "मला वाटलं, जुनीच दाखवतील. कॉम्प्युटरवर बाबांचा चेहरा-आवाज घेऊन नवीन बोलायला लावतील, असं मनातही नाही आलं."

मला त्याच्या बोलण्यावर विश्वास बसेना. फुकट कोण देतं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. नंतर गाडीत मी विचारलं, तू एवढी संशयी, आणि याला सोडलंस? त्या म्हणाल्या, "तो सरांचं तोंड पुसत होता ते पाहिलं नाहीस? रुमालाची कोरडी बाजू शोधून पुसत होता." मी पाहिलं नव्हतं.

अंबरीश म्हणाला, बाबांना तो व्हिडिओ दाखवू नका, त्रास होईल. मॅडम सरांपुढे खाली बसल्या. "सर, तुमचं एक लेक्चर आहे. पण ते तुमचं नाही. दाखवू?" सरांनी मान हलवली.

फोनवर सर बोलायला लागले, आणि खुर्चीतल्या सरांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी स्वतःचा आवाज ऐकत होते. मला वाटलं, बंद करावं इथेच. मग गोळीचं नाव आलं. सरांची मान तिरकी झाली. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटू लागला. ओठ जुळेनात. "यु... यु..." आणि मग स्पष्ट, "युरीन!"

मॅडमनी तो हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, "पाहिली सर. पाहिली."

सर रडले. आम्ही तिघेही रडलो.

पुढचं आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. मॅडमनी शहरातल्या, पाटणच्या, ओळखीच्या-अनोळखी डॉक्टरांना स्वतः फोन केले. आमच्या ग्रुपवर कोणी लिहिलं, "मैडम, आपको तो हर चीज़ में शक होता है." त्यांनी उत्तर दिलं, "हाँ भैया, है. आप गोली बंद कीजिए, फिर मुझ पर भी शक कीजिए." अतुलने आपल्या एकेका पेशंटच्या घरी जाऊन गोळ्या परत घेतल्या. सायबर शाखेत तक्रार दिली. ॲपवाल्यांनी कळवलं की व्हिडिओ बाहेरच्या एजन्सीने दिला होता, तांत्रिक कारणाने काढला आहे. तांत्रिक कारण! एजन्सीचा नंबर कोणी उचलत नाही. ते अदबीने बोलणारे गृहस्थ कोण, हे आजही कळलेलं नाही. ते आज दुसऱ्या कोणत्या सरांच्या घरी चहा पीत बसले असतील, मला माहीत नाही.

मोतीरामकाका बरे झाले, पण किडनी पहिल्यासारखी झाली नाही. पथ्य आहे, तपासण्या आहेत. परवा मला म्हणाले, "मॅडम तर जाऊन राहिल्या. आता मी कोणाले दाखवू?" काका, अतुलला दाखवा. तो आता सगळं तपासून मगच लिहितो.

आणि सर? दर रविवारी सकाळी, त्या लेक्चरच्या वेळेला, मॅडम तिलवाऱ्याला जात राहिल्या. सरांशी बोलायच्या, त्यांच्याकडून शब्द म्हणवून घ्यायच्या. आता जुने विद्यार्थी आळीपाळीने जातात. मॅडम, तुम्ही नागपूरला निश्चिंत जा. पुढचा रविवार माझा आहे.

ज्योतीताई सांगतात, हे भाषण रेकॉर्ड होतंय, उद्या इंटरनेटवर टाकणार. टाका, ताई. पण सभागृहाला माझी हात जोडून विनंती आहे. उद्या मी कुठे पडद्यावर एखादं औषध, तेल, विमा, काहीही विकताना दिसलो, तर विश्वास ठेवू नका. फोनही करू नका, आवाज कोणाचाही काढता येतो. घरी या. मी बोलू शकत नसलो, तरी या.

अध्यक्ष महोदय, तुमच्या "थोडक्यात"चा मी पुरता विचका केला, त्याबद्दल क्षमा असावी. आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी मनापासून ऋणी आहे. माझ्या बोलण्याने कोणाचं मन दुखावलं असेल तर उदार मनाने पोटात घाला. ज्यांचं दुखावं म्हणून मी बोललो, ते या सभागृहात असतील, तर त्यांची मात्र मी माफी मागत नाही.

नमस्कार.