मैलारचा नवस आणि आठ वाईड

बसवकल्याणच्या बस स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर दोघे बसले होते. म्हातारा अनवाणी, तापलेल्या फरशीवरून पाय वर घेतलेले. शेजारी एक तरणा गडी.

"अप्पा, चप्पल चोरीला गेली का?"

"न्हाई बा. नवस हाय. आमच्या गावानं, मंठाळनं, मुडबीला क्रिकेटात हरवल्याबिगर चप्पल घालणार न्हाई, असं मैलारच्या देवाला बोललोय."

"किती दिस झाले?"

"चौथं वर्स चालू हाय."

"अरारा! टीम इतकी वाईट हाय?"

"बॅटिंग झकास हाय रं. बॉलर करंटे. आज शेवटच्या ओव्हरला मुडबीला वीस रन पायजे होते. आमच्या प्रशांतकुमारनं आठ वाईड टाकले, वर दोन सिक्सर खाल्ले. झाले की वीस!"

"दुसरा कुणी न्हाई का टाकायला?"

"हाय की. त्यो नोबॉल टाकतोय."

"मग नवस मोडा अप्पा. टाचा बघा किती फुटल्यात."

"कामून मोडू? देवाचं काय चुकलंय? बॉलिंग काय देव टाकायलाय?"

"तेबी खरंच."

"तू कुण्या गावचा?"

"मुडबीचा. मॅचच बघायला आलतो."

म्हातारा वळून त्याच्यापुढं पाय करून बसला. मग म्हणाला,

"पुढल्या साली एक डाव हरा की रं बाबा. ह्या पायांकडं बघून तरी."

"आम्ही कवाच हरलो असतो अप्पा. तुमचे बॉलर हरू देईनात."