सन पाहून खाणारी वाळवी

ममता : पैसे वापस नाही मागून राह्यली मी, देवराव काका. या पुस्तकाचं पहिलं पान मागून राह्यली.

देवराव : अवं पोरी, जुन्या पुस्तकाचं दुकान हे, तरी तीनशे वीस पानं दिली तुले. त्यातल्या एका पानासाठी जिनिंगमधून सुटी टाकून आली? बस. इंदू, चहा ठेव बरं ममतासाठी.

ममता : सुटी नाही टाकली. मॅनेजरनं मले पॅनलपासून हटवलं. चार वाजता बोलावलं आहे. आता अडीच झाले.

देवराव : तुले हटवलं? अख्ख्या महागावात बाई वायरमन एक, अन् तिले...

इंदूबाई : पोरीले बोलू द्या.

ममता : घनश्याम दवाखान्यात आहे, काकू. काल करंट लागला त्याले. माझ्या सांगण्यावरून.

इंदूबाई : अवं माय!

देवराव : लागला म्हणजे... किती?

ममता : फेकल्या गेला. जीव वाचला. उजवा तळहात जळला. बोटाचं काय ते पट्टी काढल्यावर सांगू, म्हणते डॉक्टर.

देवराव : अन् तुझ्या सांगण्यावरून कसा?

ममता : कापसाच्या गाठी दाबायची नवीन प्रेस आली ना आमच्याकडं, बाहेरच्या देशातली. तिची केबल ढिली झाली. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या, मॅनेजर पॅनल बंद करू देईना. मी घनश्यामले म्हटलं, काळी धर, काळी न्यूट्रल असते, तिच्यात करंट नसते. हे पाहा, पान एकशे बारा. मीच लाल पेन मारला आहे खाली. त्या मशीनमध्ये काळीतच करंट होता.

देवराव : म्हणजे मशीन बनवणारा गाढव निघाला.

ममता : नाही. तिकडं तसेच रंग असते. मशीनसोबत आलेल्या गुंजन मॅडमनं सांगतलं आज सकाळी. त्यांनी हे पुस्तक हातात घेतलं अन् पहिलं विचारलं, कोणत्या सालचं आहे? मले सांगता नाही आलं.

देवराव : आता सालाचं काय घेऊन बसली! ज्ञान आहे ते, दूध नाही नासाले. याच पुस्तकाचा किस्सा ऐक. फुलसावंगीचा लखीराम. कधी शाळेची पायरी नाही चढला. महिनाभर हे पुस्तक उशाले घेतलं त्यानं. एका दुपारी झोपेतच उठला, पाना घेतला, गावची बंद पडलेली डीपी दुरुस्त केली अन् परत येऊन झोपला. गाव हार घेऊन दाराशी उभं, अन् हा म्हणते, मी तं घोरत होतो!

ममता : आषाढात पुस्तक देताना हाच किस्सा सांगतला तुम्ही. तव्हा लखीराम मुकुटबनचा होता.

इंदूबाई : पोळ्याच्या आधी तो उमरखेडचा होता.

देवराव : लखीराम काय एकच असते का जिल्ह्यात?

ममता : तीन पुस्तकं मांडली होती तुम्ही माझ्यासमोर. मी त्यातलं पातळ, नवीन उचललं होतं. तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणे, पातळ पुस्तक शाळेच्या लेकराइसाठी. हातानं काम करणाऱ्याले जाड पाहिजे. मी विश्वास ठेवला. म्हणून विचारून राह्यली, याचं पहिलं पान कुठं आहे?

देवराव : वाळवीनं खाल्लं. उन्हाळ्यात लागली होती दुकानात. लय बेइमान जात.

ममता : मघा मी आली तव्हा तुम्ही एका मास्तर गिऱ्हाइकाशी बोलत होते, तेवढ्यात मी या फळीवरची सात पुस्तकं उघडून पाह्यली. फिटरचं, वेल्डिंगचं, बॉयलरचं, मोटर भरायचं. साऱ्याइचं पहिलंच पान गायब. कव्हर शाबूत, दुसरं पान शाबूत. तुमची वाळवी शिकलेली आहे, काका. सन पाहून खाते.

इंदूबाई : अहो.

देवराव : तू चूप राह्य.

इंदूबाई : चाळीस वर्सं तेच करून राह्यली.

देवराव : ...लोक सन पाहतात, पोरी, अन् पुस्तक खाली ठेवून देतात. चांगलं धडधाकट पुस्तक! माणूस बुढा झाला तं त्याचं सांगणं खोटं होते का? एक पान कमी झालं तं काय बिघडते? त्या पानावर काही शिकवलेलं नसते.

ममता : माझी परीक्षा बिघडते. रविवारी अमरावतीले सुपरवायझरच्या परवान्याची परीक्षा आहे. आठ वर्सं खांबावर चढली मी या दिवसासाठी. मॅनेजरनं अनुभवाचा दाखला अडवून ठेवला, अन् दाखल्याशिवाय हॉलमध्ये घेत नाही. म्हणे, पुस्तकात तसं होतं म्हणतेस, मंग पुस्तक कोणत्या सालचं अन् असं अर्धवट काहून, ते चार वाजेपर्यंत लिहून आण. नाही तं कामावरूनही जाय. कुठं आहे पान?

देवराव : चुलीत. सारीच चुलीत गेली.

इंदूबाई : नाही गेली.

देवराव : काय?

इंदूबाई : तुम्ही फाडता अन् म्हणता, चुलीत टाक. छापलेला कागद जाळाले हात नाही होत माझा. बिस्किटाच्या डब्ब्यात हायेत सारी. थांब, ममता, आणते.

देवराव : इंदू... अवं इंदू! डब्बा कायले आणते?

इंदूबाई : हे घे. शोध. फाटकी कड जुळवून पाह्य.

(ममता एकेक पान पुस्तकाच्या फाटक्या कडेला लावते. अकराव्या पानाची कड बरोबर बसते.)

देवराव : पाहू. एकोणीसशे शहाण्णव. घ्या! भेटलं सन. लिह अन् जाय, उशीर होईन.

ममता : मागच्या बाजूनं काही छापलं आहे. वाचा.

देवराव : चष्मा नाही सापडून राह्यला.

इंदूबाई : कपाळावर आहे.

देवराव : 'वाचकांस सूचना. या पुस्तकात दिलेले वायरचे रंग आपल्याकडील प्रचलित जोडणीचे आहेत. परदेशी बनावटीच्या यंत्रांत...'

ममता : पुढं.

देवराव : '...यंत्रांत काळी व निळी वायर वेगळ्या कामासाठी असू शकते. टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय कोणत्याही रंगावर विश्वास ठेवू नये.'

ममता : परत वाचा.

देवराव : नको, पोरी.

ममता : टेस्टर माझ्या खिशात होता, काका. गडबडीत लावला नाही. खुलाशाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं मी ते. माझी चूक तुमच्यावर ढकलाले नाही आली मी. पण चार महिने रोज वाचलं हे पुस्तक. घनश्यामलेही वाचून दाखवलं, जेवणाच्या सुटीत. ही ओळ असती तं त्यालेही पाठ असती.

देवराव : मी येतो मॅनेजरकडं. असा समजावतो त्याले, की तोच उठून दाखला देईन! त्याले मारोतरावचा किस्सा सांगतो, बैलानं शिंगानं फ्यूज बसवला होता तो...

ममता : किस्सा नको.

देवराव : ...नाही. नको.

इंदूबाई : ते पातळ पुस्तक काढा. वरच्या फळीवर आहे अजून.

देवराव : हे घे. याले पैसे नाही. रविवारसाठी.

ममता : याचं पहिलं पान?

देवराव : आहे. तूच पाह्य. माझ्या सांगण्यावर नको घेऊ.

ममता : दोन हजार तेवीस. पान नऊ... दोन्हीकडचे रंग दिले आहेत, शेजारी शेजारी. आषाढात माझ्या हातात होतं हे.

देवराव : मले माहीत नव्हतं त्यात काय आहे. यातलं एकही पुस्तक मी वाचलं नाही, ममता. जाडी पाहतो, अन् गिऱ्हाइकाचं तोंड पाहतो. बाकी लखीराम सांभाळते.

इंदूबाई : तीन वाजून गेले.

ममता : एकच ओळ राह्यली खुलाशाची. 'पुस्तकाचे पहिले पान नव्हते, कारण...' पुढं काय लिहू, काका? वाळवी?

देवराव : नको. पेन दे इकडं. माझं नाव मीच लिहितो.